मोतीरामाचं पूर्ण गाणं

एका गावात एक मोतीराम होता. पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावून विकायचा. मोतीराम नावाची माणसं गावोगाव असतील, पण या मोतीरामाला गाण्याचं वेड होतं आणि ही गोष्ट त्या वेडाची आहे. आधीच सांगून ठेवतो, गोष्ट हसण्यासारखी सुरू होते. पुढे तशी राहत नाही.

मोतीराम आणि त्याची बायको अनसूया, एवढंच घर. मूलबाळ नव्हतं. गाव रानाच्या कडेला आणि यांचं घर गावाच्या कडेला. शेजार म्हणाल तर भिंतीपलीकडची एकटी शेवंताबाई, तीही आपल्या व्यापात. नवरा-बायको सकाळी रानातून पानं आणायची आणि दुपारी पडवीत बसून पत्रावळ्या लावायची. पानावर पान ठेवायचं, बांबूच्या बारीक काडीने टाचायचं, पुढचं पान घ्यायचं. या कामात हात गुंततात, डोळे गुंततात, पण कान आणि तोंड रिकामं राहतं. तोंडाची बाजू अनसूया सांभाळायची. ती बोलत असायची आणि मोतीराम हूं हूं करत असायचा. मोठं काही नसायचंच बोलण्यात. पानं यंदा लहान आहेत, मांजरी परत गाभण दिसते, भावाचं घर शाकारून झालं असेल का. असलंच सगळं.

एका दिवाळीला अनसूयेच्या भावाने बहिणीला गाण्यांची डबी दिली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, आत शेकडो गाणी, आणि सोबत कानात घालायच्या दोन बोंडांची एक वायर. वायर मात्र चांगलीच आखूड होती. एक बोंड मोतीरामाने डाव्या कानात घातलं, दुसरं अनसूयेने उजव्या कानात. वायर पुरावी म्हणून दोघांना खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. पानांचा ढीग मग मधला उचलून समोर ठेवला.

त्या डबीतल्या गाण्यांची एक गंमत होती. बऱ्याच गाण्यांत काही वाद्यं एका बाजूला वाजायची आणि काही दुसऱ्या. मोतीरामाच्या वाट्याला तबला यायचा, अनसूयेच्या वाट्याला गाणारी बाई. मग दोघांची सांगासांगी सुरू व्हायची.

"अगं, तबला थांबला इथे," मोतीराम म्हणायचा.

"थांबणारच. ती बया वर चढलीय ना! दम तरी घेते का बघा," अनसूया म्हणायची.

"आता बघ, आता येतो तबला. आला!"

"आणि ही खाली उतरली. अहो, काय उतरली हो!"

अशी दोघं मिळून एक गाणं ऐकायची. पत्रावळ्या चार कमी व्हायच्या, पण दुपार कशी जायची ते कळायचं नाही. मला विचाराल तर त्या गावात त्या वेळी याहून सुखाचं घर नव्हतं. पण सुख असताना ते सुख आहे असं माणसाला कोण सांगणार?

एकदा अनसूया भावाकडे गेली होती. मोतीराम एकटाच कामाला बसला. त्याने सहज दोन्ही बोंडं दोन्ही कानांत घातली आणि तो दचकलाच. तबला होता, गाणारी बाई होती, आणि मागे सारंगीही होती! इतके दिवस ऐकलेल्या गाण्यात सारंगी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने ते गाणं पुन्हा लावलं. परत लावलं. त्याला आनंद व्हायला हवा होता, तसा झालाही, पण त्याच्या मागोमाग मनात एक चडफड सुरू झाली. म्हणजे आपण आजवर अर्धंच ऐकत आलो! अर्धं गाणं म्हणजे काय गाणं म्हणायचं?

अनसूया परत आली तेव्हा तो म्हणाला, "मी तालुक्याला जाऊन चांगला हेडफोन आणणार आहे. तुलाही एक आणतो, वेगळी डबीही आणतो. दोघंही पूर्ण ऐकू."

"मला कशाला?" अनसूया म्हणाली. "अर्धं तुम्ही सांगता, अर्धं मी सांगते. झालं की पूर्ण."

"तुला त्यातलं कळत नाही," मोतीराम म्हणाला. हे वाक्य तो लग्न झाल्यापासून म्हणत होता आणि अनसूया ते लग्न झाल्यापासून ऐकून घेत होती.

तालुक्याच्या दुकानदाराने त्याच्यापुढे तऱ्हतऱ्हेचे हेडफोन मांडले. तो माणूस गिऱ्हाइकाला फसवणारा नव्हता. "हे कानात खुपसायचे," त्याने सांगितलं. "हलके आहेत, पण फार वेळ घातले तर कान दुखतील. हे स्पंजवाले कानावर नुसते टेकतात. गाणंही ऐकू येतं आणि कुणी हाक मारली तर तीही येते. आणि हे मोठे. हे कान अख्खा झाकतात, बाहेरचं काही आत येत नाही. घरी कोण असतं?"

"बायको."

"मग स्पंजवाले न्या."

"ते का?"

"अहो, हाक मारतील की त्या."

"ती दिवसभर मारतच असते," मोतीराम म्हणाला, आणि दुकानातली सगळी माणसं हसली.

त्याने मोठा हेडफोन उचलून कानांवर चढवला. दुकानदाराने डबीतलं एक गाणं लावलं आणि काहीतरी विचारलं. मोतीरामाला त्याचे ओठ हलताना दिसले, बाकी काही नाही. "काय म्हणताय?" मोतीराम असा ओरडला की रस्त्यावरची म्हैस थबकली. दुकानदाराने हसत त्याचा एक कान मोकळा केला आणि म्हणाला, "ऐकू येतंय का, असं विचारत होतो. नाही ना आलं? मग माल चोख आहे. पण मालक, माझं ऐका, घरात हे नका नेऊ." मोतीराम तोच घेऊन घरी आला. त्याच्याबरोबर हजार गाण्यांची एक नवी डबीही आणली.

आता पडवीत पुन्हा पानांचा ढीग मध्ये आला. एका बाजूला मोतीराम, कानांवर काळ्या वाट्या. दुसऱ्या बाजूला अनसूया. जुनी डबी तिने एक-दोन दिवस एकटीने लावून पाहिली, मग भावाच्या सुनेला देऊन टाकली. "कुणाला सांगायचं नसेल तर ऐकून काय करू?" असं ती म्हणाली होती म्हणे. मोतीरामाने ते ऐकलं नाही, त्याच्या कानांत सारंगी होती.

सुरुवातीला ती त्याच्या बाहीला हात लावायची. तो एक वाटी उचलायचा आणि विचारायचा, "काय?" त्या 'काय'मध्ये इतका त्रास असायचा की तिला जे सांगायचं असायचं ते जिभेवरच राहायचं. "काही नाही, चहा ठेवू का विचारत होते." मग चहासाठीही तिने विचारणं सोडलं. अंगठा तोंडाशी नेला की चहा, पाचही बोटं नेली की जेवण. घर खुणांवर चालायला लागलं. भांडण नाही, रुसवा नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, किती शांत माणसं आहेत! तसली शांतता वैऱ्याच्या घरीही नको.

मोतीराम वाईट माणूस होता असं समजू नका. तिला लुगडं आणायचा, पाटीतलं जड ओझं स्वतः उचलायचा, पहिली भाकरी तिच्या ताटात वाढायचा. फक्त ऐकायचा नाही. मला त्याचा राग येतो, पण काय करता, कीवही येते.

अशात एका दुपारी अनसूयेने हातातलं पान खाली ठेवलं. ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने एक वाटी उचलली.

"जरा काढता का ते?" ती म्हणाली. "बोलायचं होतं."

"हे एवढं गाणं संपू दे," मोतीराम म्हणाला आणि वाटी परत कानावर ठेवली.

ती थांबली. गाणं संपलं. पण या नव्या डबीत एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं, मध्ये श्वास घ्यायलाही फट नसायची. दुसरं गाणं पहिल्याहून सुरेख निघालं. मोतीरामाने डोळे मिटले आणि मान डोलावली. तो विसरून गेला. खरंच सांगतो, मुद्दाम नाही केलं त्याने, विसरला. पण विसरण्याने दुखायचं ते कमी दुखत नाही.

अनसूया थोडा वेळ त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मग आपल्या जागेवर गेली, पान उचललं, काडी उचलली आणि बोलायला लागली. त्याच्याशीच बोलत होती. तो ऐकत नाही हे तिला दिसत होतं, तरी बोलत होती. अधूनमधून थांबायची, जसं समोरच्याच्या हुंकाराला थांबतात तसं, आणि पुढे बोलायची. मोतीरामाने मधे डोळे उघडले तर तिचे ओठ हलताना दिसले. त्याला वाटलं, गुणगुणतेय. तो तिच्याकडे पाहून हसला, तीही हसली.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी बोलायची. पावसाळा गेला, थंडी आली, पत्रावळ्यांचे ढीग लागत राहिले. मोतीरामाला बरं वाटलं. बायकोला आता सवय झाली, बाहीला हात लावत नाही, असं त्याने गावात दोघातिघांना कौतुकाने सांगितलंही.

थंडी सरता सरता अनसूयेने अंथरूण धरलं. मोतीराम घाबरला. हेडफोन कुठे फेकला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. गाडी करून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पण तोवर तिची वाचा गेली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याला बाजूला घेऊन विचारलं, "दुखणं जुनं दिसतंय. कधीपासून होतं? काही बोलल्या नाहीत का?"

"नाही हो," मोतीराम म्हणाला. "एका शब्दाने बोलली नाही."

डॉक्टरांनी करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. अनसूया गेली.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मोतीराम पडवीत पानं घेऊन बसला. ऐकायला काहीच नव्हतं आणि करमतही नव्हतं. शेजारची शेवंताबाई पेजेचं भांडं घेऊन आली. या माणसाने चूल पेटवली नसणार हे तिला ठाऊक होतं. भांडं ठेवून ती पायरीवर टेकली.

मोतीरामाच्या मनात इतके दिवस साचलेलं बाहेर पडलं. "बघा ना वहिनी, एवढं दुखणं अंगावर काढलं आणि मला सांगितलं नाही. मी काय परका होतो? एकदा तरी बोलायचं होतं माझ्याशी!" त्याचे डोळे भरून आले. त्याला खरोखरच तिचा राग आला होता.

शेवंताबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"बोलली नाही?" ती म्हणाली. "असं कसं म्हणता हो? रोज दुपारी बोलायची की तुमच्याशी. भिंतीपलीकडे आवाज यायचा मला. कधी हसायची, कधी रडव्या आवाजात बोलायची. मी मनात म्हणायचे, नशीबवान आहे अनसूया, इतकं ऐकून घेणारा नवरा कुणाला मिळतो?"

मोतीरामाच्या हातातलं पान फाटलं. मग तो सरकत सरकत पायरीपाशी आला आणि त्याने शेवंताबाईपुढे हातच जोडले.

"वहिनी, काय बोलायची ती? आठवेल तेवढं सांगा. एखादं वाक्य सांगा. काय म्हणायची?"

शेवंताबाई अवघडली. पदर सावरत उठली.

"ते मी कसं सांगू, भावजी? नवरा-बायको आपसांत बोलताहेत म्हणून मी माझं दार लोटून घ्यायचे."

आणि ती निघून गेली. हजार गाण्यांची डबी कोनाड्यात पडून होती. त्यातलं हवं ते गाणं, हवं तितक्या वेळा, अगदी पहिल्यापासून ऐकता आलं असतं. मोतीराम भिंतीला कान लावून बसला. पलीकडे शेवंताबाई भांडी घासत होती, तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

तात्पर्य: गाणं थांबवून ठेवता येतं आणि मागाहूनही ऐकता येतं, म्हणून आपलं माणूस बोलायला आलं की आधी कान मोकळे करावेत, कारण त्याचं बोलणं दुसऱ्यांदा लावता येत नाही.