तान्हाबाईची कोंबडीच्या पायांची अक्षरं

खडकोंडला यायला बैलगाडीचीसुद्धा वाट नव्हती, त्या काळातली ही हकिगत. फार फार वर्षं झाली. तेव्हा गावात शाळा होती, गुरुजी होते, पोरंही होती. नव्हतं ते फक्त वाचन.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? तर निवृत्ती गुरुजी धडा म्हणायचे आणि पोरं मागून म्हणायची. इतकी घोकायची की पुस्तक मिटलं तरी धडा चालूच. गुरुजींना वाटे, पोरं वाचतात. त्यांच्या गुरुजींनी त्यांना असंच शिकवलं होतं. मग एका वर्षी शाळा तपासायला दिपोटी साहेब आले आणि त्यांनी पानाच्या मधल्याच ओळीवर बोट ठेवलं. पोरांनी धडा पहिल्या ओळीपासून सुरू केला!

जाताना साहेब म्हणाले, "मास्तर, ही शाळा नव्हे, भजन आहे. दिवाळीनंतर येतो. तेव्हाही हेच असलं तर कुलूप लावतो."

त्या दिवसापासून गुरुजींना चैन पडेना. पारावर बसले की उठायचे, उठले की पुन्हा बसायचे. ताटातली भाकरी तशीच राहायची. शाळा मोडली की पोरं गुरांमागं जाणार, ती कायमचीच. मग त्यांनी काय करावं? तोच धडा आणखी मोठ्यानं घोकून घेतला.

अशात एक दिवस तान्हाबाई आली. कुठून आली, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, आणि विचारायचं कुणी सोडलेलं नाही. उंच, सावळी, हातात बाभळीची काठी, आणि एका जागी म्हणून ठरायची नाही. ती एवढी झपझप चालायची की तिची सावली मागं राहायची आणि धापा टाकत तिला गाठायची, असं म्हणतात. शाळेत शिरली, मागच्या रांगेत पोरांत बसली, दोन धडे ऐकले आणि उठली.

"गुरुजी, पोरांना काही झालेलं नाही. शिकायचंय ते तुम्हाला."

"मला? अहो बाई, तेवीस वर्षं शिकवतोय मी!"

"तेवीस वर्षं बोलताय. रविवारी बसू. आजूबाजूच्या गावांचे मास्तरही बोलवा, एकट्यानं लाजण्यापेक्षा बरं."

रविवारी सात गावांचे सात गुरुजी शाळेच्या अंगणात मांडी घालून बसले. तान्हाबाईनं काठीनं मातीत अक्षरं काढली. कुठल्याच लिपीतली नव्हेत, तिनंच पाडलेली, कोंबडीच्या पायांसारखी. तिनं ओळ म्हणून दाखवली. सातही जणांनी ती खणखणीत म्हटली. मग तिनं मधल्याच एका अक्षरावर काठी टेकवली.

"हे काय, गुरुजी?"

निवृत्ती गुरुजींना दरदरून घाम फुटला. ओळ तोंडात होती, पण अक्षर ओळखू येईना. तेवढ्यात कुंपणाला लटकलेली त्यांच्याच वर्गातली ठकी ओरडली, "गुरुजी, म्हणा की! सोप्पंय!"

हे गुरुजींचेच शब्द. ठकी अडली की ते तिला रोज असंच म्हणायचे. गुरुजींनी मान खाली घातली, आणि त्या मातीत त्यांना आपला सगळा वर्ग दिसला.

मग तान्हाबाईनं उकल करून दाखवली. एका खुणेला एक आवाज, आवाजाला आवाज जोडायचा, अडलं तर थांबायचं, ओरडायचं नाही. "आणि पोर जे बोलतं ते लिहा," ती म्हणाली, "आणि त्यालाच वाचू द्या." दुसऱ्या दिवशी ठकी म्हणाली, "आमची शेळी लई द्वाड हाय." गुरुजींनी ते मातीत लिहिलं. ठकीनं एकेक अक्षर जोडत वाचलं आणि आपली शेळी जमिनीवर उमटलेली बघून टाळी वाजवली.

मग सात गावांची अंगणं अक्षरांनी भरली. वारा सुटला तरी ती पुसायची नाहीत, कोंबड्यासुद्धा वळसा घालून जायच्या. आणि एकाच सकाळी तान्हाबाई सातही शाळांत मागच्या रांगेत दिसायची, असं म्हणतात. गुरुजींना मात्र धीर नव्हता. दिवाळी झाली तसे ते दर घटकेला वाटेकडं बघू लागले.

साहेब आले. घोड्यावरून उतरले ते शाळा बंद करायचा हुकूम आधीच लिहून घेऊन. टेबलावर कागद पसरला, टाक दौतीत बुडवला. ठकी समोर उभी होती. तिच्या बाजूनं कागद उलटा, तरी ती अडखळत वाचू लागली, "खड... कोंड येथील शाळा... बंद... करण्यात येत आहे." मग मान वर करून म्हणाली, "कुणाची शाळा, सायब? आमचीच का?"

साहेबांचा हात थांबला. "पुढचं वाच, बाळ."

"पुढं काय न्हाई. सही राहिलीया."

टाकातून शाईचा एक थेंब पडला आणि पसरत पसरत गेला, एवढा की हुकुमातलं एकही अक्षर उरलं नाही, असं म्हणतात. साहेबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि ठकीला कधी न घोकलेलं एक पुस्तक वाचायला दिलं.

गुरुजी मागं वळले, तान्हाबाईला सांगायला. मागची रांग रिकामी होती. अंगणात नुसती काठी रोवलेली, आणि तिला पालवी फुटलेली.

ती बाभूळ आजही शाळेपुढं आहे. खडकोंडला नवे शिक्षक आले की पहिल्या दिवशी त्यांना खुर्ची मिळत नाही. त्यांना बाभळीखाली मातीत बसवतात आणि पोरं त्यांना तान्हाबाईची अक्षरं शिकवतात. शिक्षक अडखळतात, घामाघूम होतात. पोरं थांबतात. कितीही वेळ लागो, 'सोप्पंय' असं कुणी म्हणायचं नाही. तान्हाबाईची आण आहे.