घुमाईचं घंगाळ

निवळगावची तांबटआळी जिथे संपते, तिथे घुमाईचं देऊळ आहे, आणि देवळाच्या ओसरीत दगडांवर ठेवलेलं एक तांब्याचं घंगाळ. आलेला माणूस पाटावर बसतो आणि घंगाळातल्या कोमट पाण्यात पावलं सोडतो. समोरची बाई कापड गुंडाळलेली लाकडी मोगरी उचलते, पण लगेच मारत नाही. आधी विचारते, "लावू का?" बसणारा "लावा" म्हणाला, तरच मोगरी काठाला टेकते. मग जो घुमारा उठतो, तो कानाला कमी आणि नडगीला जास्त कळतो.

"यानं गुडघे बरे होतात का हो?" असं पाहुणे हमखास विचारतात.

"गुडघ्याला डॉक्टर आहे," ओसरीतल्या शेवंतीकाकू म्हणतात. "इथं अंग सैल होतं, एवढंच. आणि आधी विचारायचं कशाला, ते ऐकायचं असेल तर पाय काढू नका."

मग त्या सांगतात, ते असं.

फार मागे या आळीत धाकोजी तांबटाच्या घरी आवडी नावाची सून आली. तिचं माहेर वर डोंगरावरच्या उघड्या सड्यावर, जिथे वाऱ्याखेरीज फारसं काही ऐकू येत नसे. आणि इथे दिवस उजाडला की घरोघरी मठारकाम सुरू. भांडं फिरवत राहायचं आणि हातोडीनं त्याच्या अंगभर ठोके उमटवायचे. आळीतल्या बायका त्या आवाजात गप्पा मारत, पोरं त्यातच झोपत. आवडी मात्र दर ठोक्याला दचके. हातातलं पीठ सांडे.

"धाकोजीमामांनी सून आणली की हरीण?" बायका म्हणत. आवडीही हसून घेई. दचकण्यापेक्षा दचकल्याची लाज जास्त वाटते, ती तिलाही वाटे.

मुलगी झाली आणि हसणं थांबलं. आवडीला पान्हा फुटेना. पोर छातीशी घ्यावी, तोच शेजारी ठोका पडे, आणि तिचं अंग असं आवळून येई की दूध आतल्या आत अडे. शेळीचं दूध पोरीच्या पोटात ठरेना. पोर दिसामाशी वाढायची, ती सुकत चालली.

शेवटी धाकोजीनं घरोघर जाऊन हात जोडले, आणि आळीनं म्हणे खरोखरच हातोड्या खाली ठेवल्या. अशी शांतता तिथे कुणी ऐकली नव्हती. पण आवडीचं आणखीच बिघडलं. ती भिंतीला टेकून ताठ बसून राही.

"आता काय गं झालं?" सासू, बयाबाई, म्हणाली. "आता तर कुणीच ठोकत नाही."

"आत्याबाई, ठोका पडला की सुटते तरी मी. आता तो पडायचा राहिलाय."

बयाबाई तशीच उठली. घुमाईपुढे जाऊन तिनं पदर पसरला. पान्हा फुटू दे, माझ्या घरातलं हवं ते भांडं तुझ्या ओसरीत आणून ठेवीन. कोणतं, ते तूच माग.

घरात एक वाया गेलेलं घंगाळ होतं. नातीच्या काळजीत धाकोजीचा हात नको तितका चालला होता आणि पत्रा पातळ झाला होता. बोट लागलं तरी ते कण्हल्यासारखं घुमे. असलं काम तांबट कुणाला दाखवत नाही. त्यानं ते परसातल्या न्हाणीत टाकून दिलं होतं.

एका संध्याकाळी त्याच घंगाळात बयाबाई सुनेचे पाय शेकत होती. पाणी ढवळायला तिनं लाकडी डाव उचलला आणि सुनेचा चेहरा पाहून तिचा हात वरच थांबला.

"काठाला लागेल हं जरा. लागू दे का?"

सासरी आल्यापासून आवडीला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं डावाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "लागू दे."

डाव टेकला. घुमारा पाण्यातून पोटरीत शिरला, तिथून कमरेत, मग हळूहळू पाठीत चढला. आवडी दचकली नाही. "पुन्हा," ती म्हणाली. आणखी एकदा "पुन्हा" म्हणाली आणि तिनं पोर मागितली. थोड्या वेळानं पोरीच्या गिळण्याचा आवाज न्हाणीत येऊ लागला. बयाबाई ओल्या जमिनीवर तशीच बसून तो ऐकत राहिली.

देवीनं कोणतं भांडं मागितलं, ते उघडच होतं. आपलं बिघडलेलं काम चारचौघांत मांडायला धाकोजी तयार नव्हता म्हणे. "देवीला चालतंय, तुम्हाला काय झालं?" असं म्हणून बयाबाईनं ते उचललंच.

पण आळी किती दिवस गप्प राहणार? चुली पेटायला हव्यात. दुसऱ्या सकाळी धाकोजी ऐरणीपाशी बसला. हातोडी उचलली आणि तशीच धरून त्यानं माजघराकडे तोंड केलं. सासऱ्यानं सुनेला काही विचारायची तेव्हा रीत नव्हती.

"मारू का गं?"

समोरच्या, शेजारच्या घरांतले तांबटही कान देऊन थांबले.

"मारा, मामंजी."

आजही तांबटआळीत सकाळचा पहिला ठोका न विचारता पडत नाही. आतल्या बाईचं उत्तर येईपर्यंत हातोडी वरच राहते. एखादी बाई मुद्दाम चहा संपेपर्यंत गप्प बसते, आणि तोवर तिचा नवरा हात वर धरून वाट बघतो.