एक आटा पुढे, अर्धा मागे

एका गावात एक भोळा गडी होता, बजाबा. चांगला तिशीचा, पण सांगाल तेवढंच करणारा. दगडू मिस्त्रीच्या सुगंधाशी त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न चार दिवसांवर आलं आणि पिठाच्या गिरणीच्या इंजिनाने मान टाकली. दळण अडलं म्हणजे लग्नच अडलं. मिस्त्रीने इंजिन खोललं आणि होणाऱ्या जावयालाच हाताशी घेतलं.

"हे बोल्ट घे. आटे लखलखले पाहिजेत."

बजाबाने बोल्ट राखेने घासले, धुतले आणि ओलेच दारात वाळत घातले. सकाळी सगळे गंजून लाल.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "पाण्यानं धुत्यात व्हय रं? डिझेलात बुडवायचं आन् तारेच्या ब्रशनं खसाखसा घासायचं."

"ध्यानात ठेवतो, मामा."

बोल्ट झाले खरे चकचकीत. दुपारी मिस्त्री म्हणाला, "माझा चष्मा तेलकट झालाय. जरा साफ कर."

बजाबाने चष्मा डिझेलात बुडवला आणि तारेच्या ब्रशने खसाखसा घासला. मिस्त्रीने तो डोळ्यांवर चढवला, तर भर दुपारी धुकं.

"अरं, हळूच फुंकर मारावी, मऊ फडक्यानं पुसावं."

"ध्यानात ठेवतो."

आता मिस्त्रीला धड दिसेना. इंजिनात रोवलेल्या स्टडांचे, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टांचे, आटे साफ करायचं काम बजाबावरच आलं. लग्न मोडायच्या धास्तीने बिचारा दिवसभर स्टडांवर फुंकर मारत बसला. संध्याकाळी मिस्त्रीने बोट फिरवलं. काजळी जिथल्या तिथे.

मिस्त्री रडकुंडीला आला. "जावईबापू, ही आटे साफ करायची चकती, डाय म्हनत्यात हिला, स्टडावर चढवा आन् फिरवा. एक आटा पुढं, अर्धा मागं. सरळ रेटलं की आटा गेलाच."

हे मात्र जमलं. इंजिन धडधडलं, पीठ पडलं, मांडव उभा राहिला.

सप्तपदीला भटजींनी तांदळाच्या सात राशी मांडल्या. बजाबाने एक पाऊल पुढे टाकलं, अर्धं मागे घेतलं. पुन्हा एक पुढे, अर्धं मागे. त्याच्या उपरण्याला शालूची गाठ मारलेली, म्हणून सुगंधाही पुढे-मागे. भटजी मोजणी विसरले. वऱ्हाड भुकेने कळवळलं.

"अरं, सरळ पुढं चाल," मिस्त्री ओरडला. "मागं येऊ नगंस."

"ध्यानात ठेवतो."

बजाबा सरळ निघाला. सात राशी ओलांडल्या, मांडव ओलांडला, वेस ओलांडली. ओढ्यापाशी सुगंधा म्हणाली, "अवो, सात पावलं कवाच झाली."

"झाली असतील," बजाबा म्हणाला. "पण मागं येऊ नको म्हणून तुझ्या बापानंच सांगितलंय."

वऱ्हाड जेवून उठलं, तेव्हा नवरानवरी तिसरं गाव ओलांडत होती.