दळलेला आवाज

एक होती रुंजी. राजाची नाही हं, कुंभाराची. डोंगराच्या पायथ्याशी कुंभारवाडी होती. तिथे ती राहायची. घरात आई होती, तान्ही बहीण चिमी होती आणि आबा होते. आबा म्हणजे आईचे वडील. वाडीतले सगळ्यात जाणते. ते बोलतील ते सगळ्यांनी ऐकायचं आणि आपण गप्प बसायचं, अशी तिथली रीत. रुंजीला काही गप्प बसता यायचं नाही. तुमच्यासारखंच!

रुंजीची आई सकाळी जात्यावर बसली की गायची. काय तो आवाज! कुंभारांची गाढवं कान टवकारून उभी राहायची. फिरतं चाक, बरं का, त्या गाण्याच्या तालावर फिरायचं. आणि चिमी? आईने अंगाई म्हटल्याशिवाय ती डोळेच मिटत नसे.

आता डोंगरावर कोण राहायचं? राक्षस. त्याच्याकडेही जातं होतं, घराएवढं. पण तो दळायला बसला की नुसती घरघर, घरघर. त्याला आईच्या गाण्याचा भारी हेवा वाटायचा. मग एकदा काय झालं, तो धाडधाड खाली आला. त्याने आईच्या ओठांवरून तिचा आवाज उचलला, अर्ध्या टेकडीबरोबर जात्यात घातला आणि दळून टाकला. मग तो सगळा ढीग वाडीच्या तोंडाशी ओतला.

"यातच आहे," तो म्हणाला. "बसा निवडत!"

आईने तोंड उघडलं. आवाजच नाही. चिमी रडायला लागली. झोपेना, दूध पिईना. गाल खपाटीला गेले. डोळे मोठेच मोठे दिसायला लागले.

"ही पोर झोपली नाही तर जगायची नाही," आबा म्हणाले.

मग सगळी वाडी कामाला लागली. आबांनी निम्मा ढीग पुढे ओढला. पहिल्यांदा बांबूची चाळण आणली. बारीक ते खाली पडलं, वर खडे राहिले. ते नुसते हलवले तरी खडखड बोलत होते.

"हाच आवाज!" आबा म्हणाले.

आईने एक खडा जिभेखाली ठेवला आणि बोलली, "खडखडखड!" चिमी दचकून आणखीच रडली.

मग खाली पडलेलं घेतलं आणि धोतराच्या कापडातून गाळलं. कापडावर वाळू राहिली. "हाच हो हाच!" आबा म्हणाले. आईने चिमूटभर वाळू तोंडात टाकली. "सर्रर्र, सर्रर्र!" जणू सापच बोलला. चिमी भोकाड पसरून रडली.

कापडाखाली राहिला पिठासारखा बुकणा. तो आबांनी रांजणात पाण्यात कालवला. हळूहळू माती तळाशी बसली. लोण्यासारखी मऊ माती! आईने ती ओठांना लावली. "डराँव!" गाढवंसुद्धा पळाली. चिमीला तर आता रडायचंही त्राण उरलं नाही.

तेवढ्यात दिवेलागण झाली. आणि कुंभारवाडीची एक रीत होती, बरं का. गाळ खाली बसला की तो ठेवायचा, वरचं पाणी शिळं, ते दिवेलागणीला ओतून द्यायचं. कुंभाराला हवी माती. पाणी कोण बघतो? आबांनी रांजण कलंडवला आणि सगळं पाणी केळीच्या बुंध्याला घातलं.

सकाळी रुंजी केळीजवळून चालली होती. वारा नव्हता. तरी पानं हलत होती. आणि ती गुणगुणत होती. रुंजी जागीच थबकली. अंगावर काटा आला. ती आईची अंगाई होती!

रुंजी धावत सुटली. "आबा! अहो, तुम्ही आईचा आवाज केळीला पाजलात!"

"काहीतरीच! पाणी ते. त्यात काय होतं?"

"डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे नव्हतं का? खडा टाकला की तो टुपकन बुडतो. वाळू जरा दमाने बसते. माती त्याहून सावकाश. जेवढा कण मोठा, तेवढी त्याला खाली जायची घाई. मग आईचा आवाज किती बारीक असेल, आबा? तो तर अजून पाण्यातच तरंगत होता!"

आबा उठून केळीपाशी गेले, पानाला कान लावला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

मग उरलेला निम्मा ढीग घेतला. चाळला, गाळला, कालवला. माती बसली, तसं वरचं पाणी रुंजीने अलगद दुसऱ्या रांजणात घेतलं आणि त्याला पाठ लावून बसली. दिवेलागण झाली. म्हाताऱ्या म्हणाल्या, "अगं, शिळं पाणी ओत!" रुंजी हलली नाही. दुसरी दिवेलागण झाली. आता रुंजीलाच धीर धरवेना. तिला कशाचीही वाट बघायची सवय कुठे होती? चिमीचा श्वास बारीक झाला होता. रुंजी रांजण हलवून बघणार, इतक्यात आबांनी तिचा हात धरला.

"थांब, बाळ. हलवलंस तर पुन्हा वर येईल."

मग दोघंही बसून राहिले.

उजाडलं. ऊन तिरपं होऊन रांजणात शिरलं. पाणी असं स्वच्छ, जणू रांजण रिकामाच. आणि तळाशी? तळाशी दुधावरच्या सायीसारखा पातळ थर. पहाटेच्या आभाळासारखा निळसर. आबांनी काठावरून कापसाची लांब वात अर्धी आत, अर्धी बाहेर सोडली आणि थेंब थेंब करून पाणी बाहेर काढलं. थर उघडा पडला, तशी अख्खी वाडी श्वास रोखून बघत राहिली. कारण तो थर हळूहळू वरखाली होत होता. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

रुंजीने बोटाच्या टोकाने तो उचलला आणि आईच्या ओठांना लावला.

आई गायली. अगदी हळू. निम्मा आवाज केळीकडे गेला होता ना! पण अंगाईला मोठा आवाज लागतो कुठे? चिमी दूध प्यायली, तिने एक जांभई दिली आणि डोळे मिटले. गाढवं झोपली. वर डोंगरावर राक्षससुद्धा जात्याला टेकून झोपला. अजून उठला नाही म्हणे.

तेव्हापासून कुंभारवाडीत दिवेलागणीला पाणी ओतायच्या आधी आबा विचारायचे, "रुंजे, ओतू का गं?" आणि सगळी मंडळी सुखात राहिली.

आता हलू नका. अंग सैल सोडा. दिवसभराचा सगळा गाळ खाली बसू दे. खडे बसले... वाळू बसली... ऐका, परसातली केळ काय म्हणतेय. झोपा आता.