ठकूबाईचा हंडा

घाटात अजून गाडीरस्ता झाला नव्हता, माणसं डोक्यावर ओझी घेऊन पायी उतरायची, तेव्हाची ही हकिकत. डोंगराच्या पोटाशी उंबरझरे नावाचं गाव आहे. तिथं ठकूबाई राहायची आणि ती कावीळ उतरवायची. कुणी दारात आलं की ती त्याला उन्हाकडे वळवायची, बोटानं खालची पापणी ओढायची आणि डोळ्यातलं पांढरं बघायची. असं म्हणतात की उद्या पिवळा होणारा डोळा तिला आजच दिसायचा.

भुईआवळ्याचं मूळ वाटून ती ताकातून द्यायची. वर सांगायची, "महिनाभर तेलकट नको, कष्ट नकोत. पडून राहा." माणसं पडून राहायची आणि बहुतेक बरी व्हायची. मुळानं बरी झाली की पडून राहिल्यानं, हे कुणी विचारलं नाही. ठकूबाईनंही स्वतःला कधी विचारलं नाही.

एका वर्षी भाद्रपदात गावात घरोघरी माणसं पिवळी पडू लागली. आधी भूक जायची, अन्नाच्या वासानं मळमळायचं, मग लघवी काढ्यासारखी गडद व्हायची आणि शेवटी डोळे हळदीसारखे. ठकूबाईच्या दारात पहाटेपासून रांग लागायची. त्या रांगेचं आपल्याला बरं वाटायचं, हे पुढं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

त्या दिवसांत हैबती नावाचा एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन डोंगर उतरत होता. तो तिच्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "आक्का, तुमच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला गाव परसाकडं जातंय. पाऊस ते सगळं खाली झऱ्यात आणतोय. माझी मेंढरंसुद्धा तिथं तोंड लावीनात."

ठकूबाई म्हणाली, "माझ्या आजेसासूपासून आम्ही तेच पाणी पितोय."

"तवा वर झाडी दाट हुती. माणसं तिकडं जात नव्हती," हैबती म्हणाला. ती मूळ वाटत होती. तिनं मान वर केली नाही. तो उठून मेंढरांमागं निघून गेला.

आठ दिवसांनी तिची सून सगुणा पिवळी पडली. तिला सातवा महिना होता. ठकूबाईनं उत्तमातलं उत्तम मूळ खणून आणलं आणि आपल्या हातानं पाजलं. सगुणा म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या हातचं आहे ना, मग होईल बरं." तिसऱ्या दिवशी ती भलतंच बडबडू लागली. चौथ्या दिवशी ती कुणाला ओळखेना. सासूनं किती हाका मारल्या, पण ओ आली नाही. पाचव्या दिवशी, पोटातल्या लेकरासकट, ती गेली. गावातली धडधाकट माणसं त्याच आजारातून उठली होती. पोटुशी बाई उठत नाही, हे ठकूबाईला तोवर ठाऊक नव्हतं.

सुतकातच ती झऱ्याच्या वरच्या अंगाला चढून गेली. हैबती म्हणाला ते सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं. ओहोळ घाण घेऊन खाली उतरत होता आणि खाली बायका त्याच झऱ्यावर घागरी बुडवत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातला मोठा तांब्याचा हंडा झऱ्याशी नेला, तीन दगड मांडले आणि जाळ केला. येणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणायची, "उकळल्याशिवाय नेऊ नका. माझ्या सुनेला मी हेच पाणी दिलं. मला सांगणारा सांगून गेला होता."

सुनेच्या दुःखानं बाई भ्रमिष्ट झाली, असं गाव म्हणालं. पण ती उठली नाही. असं म्हणतात की त्या वर्षी सात दिवस झड लागली आणि तिचा जाळ विझला नाही. लाकडं संपली की ओढा वाळकी लाकडं आणून तिच्या पायाशी टाकायचा. आणि झऱ्याच्या वर कुणी लोटा घेऊन निघालं, की धूर वळून त्याच्या मागं जायचा आणि त्याला खाली आणून सोडायचा. हळूहळू माणसं दुसऱ्या बाजूच्या माळाकडे जाऊ लागली. दिवाळीनंतर गावात नवा डोळा पिवळा झाला नाही.

कावीळवाले तरीही लांबून येत राहिले. आता ती आधी विचारायची, "पाणी कुठलं पितोस?" आणि मग, "संध्याकाळचं काय पितोस?" एकदा शेजारच्या गावच्या एका इनामदाराला डोलीत घालून आणलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातपाय काटक्या, दोनदा रक्ताची उलटी झालेली. त्यानं मूळ मागितलं. ठकूबाईनं त्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिली. "दारूनं तुमचं यकृत वाळलंय, दादा," ती म्हणाली. "वाळलं ते परत यायचं नाही. आज सोडलीत तर उरलेलं वाचेल. माझ्याकडं याला औषध नाही. तालुक्याला डॉक्टर आलाय, त्याच्याकडं जा."

डोलीवाले म्हणाले, "बाई, पाच कोस आलो तुझ्या नावावर."

"नावावर येऊ नका," ती म्हणाली. "नावापायीच माझं घर बुडालं."

इनामदार तालुक्याला गेला, दारू सोडली आणि अकरा वर्षं जगला, असं म्हणतात. कुणी तीनच वर्षं म्हणतात.

ठकूबाई झऱ्यापाशीच म्हातारी झाली आणि एका सकाळी हंड्याला पाठ टेकून बसलेली, तशीच गेली. खालचा जाळ विझला तरी हंड्यातलं पाणी तीन दिवस उकळत होतं, असं म्हणतात. शेवटपर्यंत तिनं कुणाचे आभार घेतले नाहीत. कुणी पाया पडायला वाकलं की पाय मागं घ्यायची.

आता झऱ्याला पक्कं कुंपण आहे, गावात नळ आहेत. पण उंबरझऱ्यात कुठल्याही घरी सातव्या महिन्याचं डोहाळजेवण असलं, की ओटी भरायच्या आधी सासू स्वतः चुलीपुढं बसून पाणी उकळते, निववते आणि भांडं सुनेच्या हातात देते. देताना म्हणते, "ठकूबाईच्या वतीनं सांगते. सगुणे, चुकलं माझं."

सून पाणी पिते. त्यावर ती काही बोलत नाही. नवखी एखादी "असू द्या" म्हणायला जाते, तेव्हा शेजारची बाई हलकेच तिच्या हातावर हात ठेवते. त्याला उत्तर द्यायचं नसतं. सगुणाला देता आलं नव्हतं.