धुरपाबाईचा कोप

फार वर्षांपूर्वी, आंबेखोलला रस्ता नव्हता, दिवा नव्हता आणि बायकांच्या ताटात धड काही नव्हतं, तेव्हाची ही हकीकत. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच. आधीच सांगून ठेवते, ही रागाची गोष्ट आहे आणि सांगताना माझाही आवाज चढतो. ज्याला सोसणार नाही त्यानं आत्ताच उठून जावं.

आंबेखोलात धुरपाबाई नावाची एक बाई होती. येसबा तिचा नवरा. त्यांच्या घरामागं परडं होतं, दोन खोल्या मावतील एवढंच. तेवढ्या जागेत ती बारा महिने भाजी आणि फळं काढायची. पावसाळ्यात मांडवावर काकडी, दोडका, कारली. दिवाळीच्या सुमाराला वांगी, घेवडा, मेथी. उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा, आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ. कुंपणाला एक पेरू होता. पाणी घालायची ती, शेणखत घालायची ती, पानांवर कीड पडू नये म्हणून चुलीतली राख उधळायची ती. असं म्हणतात, की तिनं कुंपणात खोचलेल्या वाळक्या काटकीलाही पालवी फुटायची.

पण परड्यातलं घरात आलं की एक नियम लागू व्हायचा. चांगलं निवडून पुढच्या सोप्यात जायचं, पाहुण्यांना आणि घरच्या बाप्यांना. वेडंवाकडं, जून, किडकं ते चुलीमागं राहायचं, बायकांना. हा नियम एकट्या येसबाचा नव्हता, साऱ्या गावाचा होता. आणि तो पाळत कोण होतं? धुरपाबाईच. तीच निवडायची आणि तीच वाढायची. तीस वर्षं तिनं स्वतः पिकवलेली एक धड काकडी खाल्ली नव्हती, आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा.

तिची लेक सुंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. श्रावण होता, मांडवाला काकड्या लटकत होत्या. पोरीचा जीव काकडीवर गेला होता. पण येसबाकडं पाहुणे येणार होते, म्हणून धुरपाबाईनं चांगल्या काकड्या बाजूला काढल्या. एक किडकी घेतली, किडलेला भाग कापून टाकला आणि उरलेलं लेकीपुढं ठेवलं.

"चालतंय की आये," सुंद्रा म्हणाली.

सासरी तेच, माहेरीही तेच. चार दिवसांनी पोर बाळंत होताना गेली, बाळही गेलं. सुईण बाहेर येऊन म्हणाली, पोरीच्या अंगात रगतच नव्हतं. पाहुणे तोवर ढेकर देऊन आपापल्या गावाला पोचले होते.

धुरपाबाई रडली नाही, असं म्हणतात. ती परड्यात जाऊन बसली, आणि पुढं दोन वर्षं कामापुरतंच बोलली.

मग मुलाचं लग्न होऊन घरात सून आली. तिचं नाव हौसा. दिवाळीनंतर तिला चौथा महिना लागला. त्या दिवशी भरल्या वांग्याची भाजी होती. सोप्यात बाप्यांची ताटं वाढून झाली आणि हौसा चुलीमागं जेवायला बसली. तिच्या वाट्याला आलेलं वांगं तिनं उघडलं, आतला किडा नखानं उडवला आणि घास तोंडात घातला. तक्रार केली नाही, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. धुरपाबाई ते बघत होती.

ती उठली. सोप्यात गेली. येसबाचा हात ताटात होता, तरी तिनं ते ताट त्याच्या पुढ्यातून ओढलं, चुलीमागं नेलं आणि हौसाच्या पुढं ठेवलं.

"येड लागलं का तुला?" येसबा ओरडला.

"लागलंय. दोन वर्सं झाली, तुमास्नी आज कळलं."

हौसानं ताट मागं सारलं. "आत्ती, मला चालतंय की," ती म्हणाली.

"पुन्यांदा असं म्हणू नगंस," धुरपाबाई म्हणाली. "माझ्या घरात पुन्यांदा कुणी असं म्हणायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसबा स्वतः पाटी घेऊन परड्यात शिरला. त्याला बायकोची जिरवायची होती. धुरपाबाई मधोमध उभी राहिली आणि तिनं झाडांनाच दम भरला. "बाप्याच्या हातानं तुटलासा तर आतनं सडा. माझ्या सुनंच्या हातानं तुटलासा तर गोड व्हा. न्हाईतर मुळासकट चुलीत घालीन."

असं म्हणतात, की येसबानं तोडलेलं प्रत्येक वांगं किडकं निघालं. वरून नितळ, आत सगळी घाण. त्याच झाडाचं शेजारचं वांगं हौसानं तोडलं, ते लोण्यासारखं चिरलं गेलं. पेरूचं तसंच झालं, घेवड्याचंही तसंच. आठ दिवसांत ही कीड घरोघरच्या परड्यांत पोचली. बाप्यांनी खुडलेली मेथी पाटीतच काळी पडायची, आणि बायकांनी खुडलेली सोप्यातल्या ताटात गेली की काळी पडायची. आयुष्यात कधी झारी न उचललेले लोक वांगी उन्हात धरून आरपार बघायला लागले, आणि तरी त्यांना कीडच मिळायची.

गावातली जाणती मंडळी जमून आली. देवी कोपली आहे, बकरं द्यावं लागेल, असं त्यांचं ठरलं होतं.

"देवीला कशाला मधी घालताय?" धुरपाबाई म्हणाली. "कोप माझा हाय."

"मग उतारा सांग बाई," एक म्हातारा म्हणाला.

"परड्यातलं चांगलं आधी बाईच्या ताटात. पोटुशी असंल तर समद्यांच्या आधी. आन् माझ्या सुंद्राचं नाव घिऊन वाढायचं, म्हंजे कुणाला मारलंत ते इसरणार न्हाई. मी बी इसरणार न्हाई, म्या बी मारलंय तिला."

मंडळी हसली. किडकं खाऊन तोंडं कडू झालेली, तरी हसली. येसबाला मात्र ते हसणं आपल्यावरचं वाटलं. तो विळा घेऊन परड्यात घुसला. वांगी उपटली, घेवडा ओढून काढला, केळ तोडली, पेरू बुंध्यात छाटला.

"मूळच न्हाई, आता कोप कशाच्या जिवावर करतीस?" तो म्हणाला.

हौसाला तेव्हा सहावा महिना होता आणि परड्यात हिरवं पान उरलं नव्हतं. धुरपाबाई तिथंच उभी राहून येसबाला शिव्या देत राहिली, सूर्य कलेपर्यंत, आणि एकही शिवी पुन्हा आली नाही असं म्हणतात. साऱ्या गावानं त्या ऐकल्या. बायकांनी जास्त ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, बाप्ये पारावर बसलेले असताना, त्यांच्या देखत आंबेखोलच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघाल्या. प्रत्येकीनं आपल्या परड्यातलं सगळ्यात चांगलं तोडलं होतं. त्या हौसापुढं येऊन बसल्या, एकेक फोड तिला भरवली आणि एकेक स्वतः खाल्ली. काही म्हाताऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा अख्खा पेरू खाल्ला आणि त्या तिथंच रडायला लागल्या. धुरपाबाई त्यांच्यावरही खेकसली. रडू नका, चावा, म्हणाली.

त्या दिवसापासून पाट्या थांबल्या नाहीत. उन्हाळा लागला, शेंगा आल्या, त्या आधी हौसाला. वैशाखात हौसा बाळंत झाली. मुलगी झाली, आणि असं म्हणतात, की तिच्या पहिल्या रडण्यानं पारावरचे कावळे उडाले. हौसाही जगली. उठून बसली आणि तिनं जेवायला मागितलं.

येसबानं सोप्यातून ते ऐकलं. मग तो उठून चुलीमागं आला, खाली मान घालून बसला, आणि म्हणाला, "उरलं असंल ते वाढ." त्या दिवसापासून गावातली कीड गेली.

लोक विचारतात, धुरपाबाईनं त्याला माफ केलं का? नाही केलं. पुढं वीस वर्षं जगली, त्याला रोज जेवायला वाढलं, पण माफ केलं नाही. एकदा हौसा म्हणाली, "आत्ती, आता तरी राग सोडा. समदं नीट झालंय की."

"राग सोडला की चांगलं परत सोप्यात जातंय," धुरपाबाई म्हणाली.

आंबेखोलात आजही कोणत्याही परड्याचा पहिला तोडा उंबऱ्याच्या आत येत नाही. बायका तो वाफ्यातच उभ्यानं खातात, सुंद्राचं नाव घेऊन. पोटुशी बाई कुणाच्याही कुंपणातून हात घालून काहीही तोडू शकते, मालकानं तोंड उघडायचं नाही. मात्र धुरपाबाईचं देऊळ आमच्या गावात नाही. ते बांधायचं तीनदा ठरलं, तीनदा बायकांनी होऊ दिलं नाही. कारण उघड आहे. देऊळ झालं की पहिली काकडी देवीला, देवीची पुजाऱ्याला, आणि बायकांना परत साल. तिसऱ्या वेळी तर बाप्यांनी एक दगड शेंदूर फासून पाराजवळ बसवलासुद्धा. आम्ही बायकांनी तो उचलला, घासून धुतला, फोडला आणि तुकडे वाटून घेतले. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या शेंड्याला दगड बांधतात ना, तिथं आता ते असतात.

परवा पुजारी माझ्या कुंपणाशी येऊन विचारत होता, बाई, आमची देवी कुठं नेली? मी म्हटलं, ती कामावर आहे.