हिवराची सावली

एका राज्यात विरोचन नावाचा राजा होता. सावली पीक खाते, असे म्हणून त्याने बांधांवरची सारी झाडे तोडवली. त्या झाडांत असितांग मांत्रिक राहत असे. उरलेल्या एकुलत्या हिवराच्या झाडात तो शिरला आणि त्याने शाप दिला, "राजा, तुझ्या राज्यात पेरलेले बी मातीच गिळील!"

माती बी गिळू लागली. कोठारे रिती झाली. अखेर सबंध राज्यात ज्वारीची एक ओंजळ उरली. ती पदरात बांधून राजकन्या कुमुद्वती हिवराखाली आली.

फांदीवरचा भारद्वाज पक्षी म्हणाला, "आलीस? आणि बापाची कुऱ्हाड घरीच विसरलीस?"

"उःशाप मागायला आले आहे."

खोडातून आवाज आला, "मग माझ्या रानातली उडती माती थोपव. आटलेल्या विहिरीत पाणी आण. आणि माझ्या सावलीत ज्वारी पिकव. मी मेलो, तर तू दगड होशील."

कुमुद्वतीने बांधावर पांगाऱ्याच्या ओल्या काठ्या रोवल्या. त्यांना पाने फुटली आणि दमलेला वारा त्या पानांत निजला. तिने विहिरीच्या काठी उंबर लावला. त्याची मुळे पाताळात उतरली आणि पाणी वर घेऊन आली.

मग तिने शेवटची ओंजळ हिवराच्या सावलीत पेरली. तिथल्या मातीने बी गिळले नाही; कोंब आले, पण पिवळे, मान टाकलेले.

राजा कुऱ्हाड घेऊन धावला. "बाजूला हो, बाळ! सावलीने घात केला!"

"थांबा, तात!"

एका जागी वाऱ्याने फांदी मोडली होती. तिथे ऊन पडत होते आणि तेवढेच कोंब हिरवे होते. कुमुद्वती कोयता घेऊन वर चढली. पहिली फांदी तोडताच तिचे पाय दगडाचे झाले.

"उतर, पोरी!" राजा ओरडला.

ती छाटत राहिली. कंबर दगडाची झाली. आडव्या फांद्या सरीत पडल्या, त्यांचा पाला मातीवर पसरला. दगड छातीपर्यंत चढला. उरला फक्त शेंडा. तिथे तिने हात आवरला.

खाली ऊन उतरले. कोंबांनी माना वर केल्या. छाटल्या जागी लालसर पालवी फुटली आणि कुमुद्वतीच्या अंगावरचा दगड तडकून गळून पडला.

"तोडलेस, पण मारले नाहीस," खोडातला आवाज म्हणाला.

त्याच क्षणी मातीने गिळलेले बी राज्यभर उगवून आले, आणि बांधाबांधावरच्या बुंध्यांना धुमारे फुटले.

राजाने हात जोडले. "आता एकही झाड तोडणार नाही."

"पेरणीआधी छाट मात्र," भारद्वाज म्हणाला. "आणि त्या कामाला मुलीला पाठव. तू नको येऊस."

त्या राज्यात पुढे अन्न कधी सरले नाही. तुमच्याही कणगीत ते तसेच राहो.